त्यांच्या नावाने धावायचं तर: विचारण्यापासून शेवटच्या १९५ मीटरपर्यंत

मावशीची तिसरी केमो झाली त्या आठवड्यात मी आयुष्यातल्या पहिल्या मॅरेथॉनचा फॉर्म भरला आणि त्याच संध्याकाळी तिचा फोटो असलेले पंचवीस टी-शर्ट छापायला टाकले. फोटो हॉस्पिटलातला होता, डोक्यावरचे केस गेलेले. तिला आनंद होईल याबद्दल मला शंकाच नव्हती. टी-शर्ट हातात घेऊन ती बराच वेळ काही बोलली नाही. मग त्याची नीट घडी घालत म्हणाली, "मला लोकांनी असं लक्षात ठेवायला नकोय रे."

टी-शर्ट कपाटात गेले. मी साध्या शर्टात धावलो. त्यानंतर बऱ्याच लांब पल्ल्याच्या शर्यती कुणा ना कुणाच्या नावाने धावलो, आणि प्रत्येक वेळी सुरुवात त्या संध्याकाळच्या धड्यापासून केली. ज्यांचा मान राखायला धावायचं, त्यांच्या कलाने धावायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पहिली पायरी: विचारा, आणि नीट विचारा

"तुझ्यासाठी धावू का?" हा प्रश्न आजारी माणसाला कोड्यात टाकतो. नाही म्हटलं तर तुमचं मन मोडेल, म्हणून हो म्हटलं जातं. त्यापेक्षा छोटे, सुटे प्रश्न विचारा. नाव सांगितलेलं चालेल का? पूर्ण की नुसतं घरातलं? आजाराचा उल्लेख करू की नको? फोटो हवा का, आणि हवा तर कोणता? निधी जमवला तर तो कुठे जावा असं वाटतं? शर्यतीच्या दिवशी यायचंय, फोन हवाय, की सगळं झाल्यावर निवांत सांगितलेलं बरं? उत्तरं लिहून ठेवा आणि शर्यतीच्या आठवड्यात पुन्हा एकदा विचारा. मधल्या काळात एखादा स्कॅनचा रिपोर्ट आलेला असतो आणि माणसाचं मन बदललेलं असतं. बदललेलं उत्तरच खरं धरायचं.

माणूस गेलेला असेल तर त्याच्या सर्वांत जवळच्यांना विचारा. आपण भाऊ, मित्र किंवा सहकारी असलो तरी ती आठवण आधी जोडीदाराची, मुलांची, आई-वडिलांची असते. रुग्ण लहान मूल असेल तर पालकांबरोबर त्या मुलालाही विचारा. मुलांना आपलं मत असतं आणि ते ठाम असतं.

शब्दांचंही तसंच. "लढवय्या", "कर्करोगाशी झुंज" हे शब्द काहींना बळ देतात, काहींना ओझं वाटतात. "झुंज हरली" हे तर मी कधीच लिहीत नाही. औषधाने काम केलं नाही, यात त्या माणसाचं काहीही कमी पडलेलं नसतं. ती व्यक्ती आपल्या आजाराबद्दल ज्या शब्दांत बोलते, तेच शब्द घ्या.

दुसरी पायरी: शर्यत निवडणं

या सगळ्या प्रकाराचं मूळ शोधायला गेलं की टेरी फॉक्सपाशी जाऊन पोहोचतो. कॅनडातला हा मुलगा. १९७७ मध्ये, अठराव्या वर्षी, हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. १२ एप्रिल १९८० रोजी सेंट जॉन्स इथे कृत्रिम पाय अटलांटिकच्या पाण्यात बुडवून तो देश ओलांडायला निघाला आणि रोज जवळपास एक मॅरेथॉन धावत राहिला. १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर. १ सप्टेंबरला थंडर बेजवळ थांबावं लागलं, कारण कर्करोग फुप्फुसात पोहोचला होता. पुढच्या जूनमध्ये तो गेला.

हे सगळ्यांना ठाऊक असतं. निघण्याआधीचं वर्ष मात्र फारसं कुणी सांगत नाही, आणि आपल्याला उपयोगाचं तेच आहे. तो वर्षाहून जास्त काळ सराव करत होता. १९७९ मध्ये प्रिन्स जॉर्ज इथल्या एका लांब शर्यतीत उतरला आणि सर्वांत शेवटी पोहोचला. त्यानंतर त्याने कॅन्सर सोसायटीला पत्र लिहून मदत मागितली. म्हणजे आधी सराव, मग एक परीक्षा, मग संस्थेशी बोलणं आणि मग रस्ता. हा क्रम आजही मोडू नये.

तुम्ही आजवर धावलाच नसाल तर पहिल्या वर्षी १० किलोमीटर पुरे. आठवड्याला तीन-चार वेळा सहज धावत असाल तर २१.१ किलोमीटरची हाफ मॅरेथॉन. ४२.१९५ किलोमीटरच्या पूर्ण मॅरेथॉनसाठी हाफचा अनुभव गाठीशी हवा आणि पुढे सोळा ते वीस आठवडे हवेत. ट्रायथलॉनमध्ये ऑलिम्पिक अंतर (१.५ किलोमीटर पोहणं, ४० सायकल, १० धावणं) ही चांगली पहिली पायरी आहे. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० सायकल आणि वर पूर्ण मॅरेथॉन असं आयर्नमॅन अंतर घरात आजारपण सुरू असताना घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचा सराव आठवड्याचे इतके तास खातो की ज्यांच्यासाठी करतो त्यांच्याच वाट्याचा वेळ जातो.

एकट्याने सगळं अंतर कापलंच पाहिजे असंही नाही. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या टॅकोमा इथे गॉर्डी क्लॅट हे शल्यविशारद एका ट्रॅकवर चोवीस तास फिरले. ८३ मैल झाले. मित्रमंडळींनी पंचवीस-पंचवीस डॉलर देऊन अर्धा-अर्धा तास त्यांना सोबत केली आणि त्यातून २७,००० डॉलर उभे राहिले. कर्करोगासाठी निधी जमवायला गटाने आळीपाळीने चालण्या-धावण्याचा 'रिले फॉर लाइफ' हा उपक्रम तिथून सुरू झाला. कुटुंबातले दहा जण दहा वेगवेगळ्या वेगांचे असतील तर वाटून धावण्यासारखं दुसरं काही नाही.

नाव नोंदवण्याआधी दोन गोष्टी तपासा: अंतर पूर्ण करण्याची वेळमर्यादा, आणि ऐनवेळी येता आलं नाही तर प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलता येतो का. शस्त्रक्रियेची तारीख तुमची शर्यत बघून ठरत नाही.

आणखी एक अवघड गोष्ट. आजार पुढे गेलेला असतो, हाताशी वेळ थोडा असतो, आणि "त्यांना बघता यावं" म्हणून सहा महिन्यांनंतरची मॅरेथॉन गाठायची धडपड सुरू होते. तसं करू नका. पुढच्या रविवारी पाच किलोमीटर धावा आणि घामेजल्या अंगाने घरी येऊन सगळं सांगा. ते त्यांना बघता येईल.

तिसरी पायरी: सराव, केमोच्या कॅलेंडरसकट

बहुतेक सराव-तक्ते असं धरून चालतात की तुमचे सगळे आठवडे सारखे आहेत. घरात केमो सुरू असेल तर तसं नसतं. बऱ्याच केमो दोन किंवा तीन आठवड्यांच्या चक्रात दिल्या जातात. तीन आठवड्यांच्या चक्रात पहिले काही दिवस मळमळीचे आणि गळून जाण्याचे. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान पांढऱ्या पेशी सर्वांत खाली आलेल्या असतात. या काळात ताप आला तर ती तातडीची बाब असते, तेव्हा कुणीतरी जवळ हवं. तिसऱ्या आठवड्यात माणूस जरा उठून बसतो, जेवतो, गप्पा मारतो.

आता सरावाकडे बघा. लांब पल्ल्याच्या तयारीत दर तीन-चार आठवड्यांनी एक हलका आठवडा घ्यायचाच असतो, शरीर भरून यायला. ही दोन चक्रं एकमेकांत बसवता येतात. मावशीच्या फ्रिजवरच्या कॅलेंडरवर तिची केमोची तारीख लाल पेनाने लिहिलेली असायची. मी तिच्याच परवानगीने खाली निळ्या पेनाने माझं लिहायला लागलो. केमोचा आठवडा हलका: अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन धावा, त्याही घराच्या आसपास आणि फोन खिशात. दुसरा आठवडा मध्यम: तीन धावा, पण दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहायचं नाही. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी लांब धाव. अशाने लांब धावा तीन आठवड्यांतून एकदाच होतात. हाफसाठी तेवढ्या पुरतात. पूर्ण मॅरेथॉन करायची असेल तर वीसऐवजी सव्वीस-अठ्ठावीस आठवडे हाताशी ठेवा आणि सोबतीची पाळी घ्यायला घरातलं दुसरं कुणी आहे का ते आधी बघा. (दुसऱ्यांदा केमो पुढे ढकलली गेली तेव्हा मावशीनेच निळ्या अक्षरांवर काट मारून नवी तारीख लिहिली. "तुझं पण सरकलं बघ," म्हणाली.)

बाकी नियम नेहमीचेच. आठवड्याचं अंतर हळूहळू वाढवा. बहुतेक किलोमीटर अशा वेगाने धावा की पूर्ण वाक्य बोलता यावं. मॅरेथॉनआधीची सर्वांत लांब धाव तीस-बत्तीस किलोमीटरची, तीही शर्यतीच्या तीन आठवडे आधी. त्यानंतर अंतर कमी करत जायचं. आठवड्यातून दोनदा पायांचा आणि कंबरेचा व्यायाम. कुठे टोचणारं, एकाच जागी दुखणारं काही सुरू झालं तर थांबा. त्यांच्या नावाने धावतोय म्हणून दुखणं रेटायचं, हा मोह फार मोठा असतो. त्यांना दुखतं तरी ते सहन करतात, मग मी का नको, असं मनात येतं. मलाही आलं होतं आणि नडगीच्या हाडाला बारीक तडा जाऊन मी सहा आठवडे घरी बसलो. लंगडणाऱ्या भाच्याला बघून मावशीला कसला आधार मिळणार होता?

सरावाहून आल्यावर थेट त्यांच्या खोलीत जाऊ नका. आंघोळ, स्वच्छ कपडे, हात धुणं, मग भेट. गर्दीच्या शर्यतीनंतर घसा खवखवत असेल तर फोनवरच बोला.

स्वतः आजारातून गेला असाल, किंवा उपचार सुरू असतील

हा भाग वेगळा वाचा, कारण इथे तुमच्या कर्करोगतज्ज्ञांच्या परवानगीशिवाय एकही पाऊल टाकायचं नाही.

व्यायाम करू नये असा याचा अर्थ मुळीच नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या पुढाकाराने तज्ज्ञांनी २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. आठवड्यातून तीन वेळा अर्धा-अर्धा तास मध्यम व्यायाम आणि त्याला दोन वेळच्या ताकदीच्या व्यायामाची जोड दिली, तर थकवा, चिंता, नैराश्य कमी व्हायला आणि रोजची कामं करायला मदत होते, असं त्यांत म्हटलं आहे. शर्यत मात्र याच्या बरीच पुढची गोष्ट. तिच्याआधी डॉक्टरांशी काय काय बोलायचं ते सांगतो.

कोणती औषधं मिळाली होती? डॉक्सोरुबिसिनच्या गटातली औषधं किंवा ट्रास्टुझुमॅब मिळालं असेल तर हृदयावर परिणाम झालेला असू शकतो. इकोची तपासणी हवी का, हे विचारा. ब्लिओमायसिन मिळालं असेल तर फुप्फुसांबद्दल विचारा. व्हिन्क्रिस्टिन, पॅक्लिटॅक्सेल, ऑक्सॅलिप्लॅटिन यांच्यामुळे तळपायांना बधिरपणा येतो. तो असेल तर खडबडीत वाटा टाळा आणि प्रत्येक धावेनंतर मोजे काढून तळवे, बोटांच्या बेचक्या डोळ्यांनी बघा, कारण फोड आलेला जाणवणारच नाही. आजार हाडात पोहोचला असेल तर धावण्याच्या धक्क्याने हाड मोडू शकतं. तिथे चालणं किंवा जागेवरची सायकल चालेल का, ते डॉक्टरच सांगतील. पिक लाइन किंवा तशी शरीराबाहेर येणारी नळी असेल तर पोहणं नाही. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर हाताला सूज येते का यावर लक्ष ठेवा. घड्याळाचा पट्टा किंवा अंगठी एकाएकी घट्ट वाटणं ही त्याची पहिली खूण असते. हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट्सचे ताजे आकडे बघितल्याशिवाय जोराचा सराव नाही.

उपचारांचा थकवा झोप काढून जात नाही, हे सोबत धावणाऱ्यांनीही समजून घ्यावं. न्यू यॉर्क सिटी मॅरेथॉन उभी करणाऱ्या फ्रेड लेबो यांना १९९० मध्ये मेंदूचा कर्करोग झाल्याचं कळलं. १९९२ मध्ये ते स्वतःचीच मॅरेथॉन धावले, आणि त्यांच्या शेजारी पूर्ण अंतर होत्या ग्रेटे वाइट्झ, ती शर्यत नऊ वेळा जिंकलेल्या. दोघांना साडेपाच तासांहून थोडा जास्त वेळ लागला. आजारातून उठलेल्या माणसाला सोबत करायची असेल तर अशी करावी: वेग त्यांचा, थांबे त्यांचे, आणि आपलं घड्याळ बंद.

चौथी पायरी: निधी, जमवायचा असेल तर

जमवलाच पाहिजे असं नाही. नुसतं आठवून धावणंही पूर्ण आहे.

जमवणार असाल तर पैसा स्वतःच्या खात्यातून फिरवू नका. नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात देणगीदारांनी थेट भरावा आणि पावती त्यांना तिथूनच मिळावी. अनेक मोठ्या शर्यतींत संस्थांसाठी राखीव प्रवेश असतात. त्या बदल्यात किमान रक्कम जमवावी लागते, आणि ती जमली नाही तर फरक कोण भरणार ते सही करण्याआधी वाचा. ही पद्धत रुजवण्यात 'टीम इन ट्रेनिंग' या रक्तकर्करोगासाठी निधी जमवणाऱ्या अमेरिकी उपक्रमाचा मोठा वाटा आहे. त्याची सुरुवात अशी: १९८८ मध्ये एका रक्तकर्करोगग्रस्त मुलीच्या वडिलांनी ३८ धावपटू गोळा करून न्यू यॉर्कची मॅरेथॉन धावली आणि ३,२२,००० डॉलर उभे केले.

एका ठरावीक रुग्णाच्या उपचारांसाठी जमवत असाल तर कुटुंबाची लेखी संमती, रुग्णालयाचा खर्चाचा अंदाज, आणि गरजेपेक्षा जास्त जमलं किंवा माणूसच राहिला नाही तर उरलेलं कुठे जाईल, हे पहिल्या आवाहनातच लिहा. हे लिहिताना हात थरथरतो. तरी लिहा. नंतर कुटुंबाला दुःखात हिशेब द्यावा लागत नाही.

मागताना मोघम बोलू नका. "मदत करा" यापेक्षा "मी अमुक तारखेला ४२ किलोमीटर धावतोय, अमुक कामासाठी, तुम्ही एका किलोमीटरचा भार उचलाल का?" हे माणसाच्या मनाला भिडतं. आणि जे देणार नाहीत त्यांना दुसऱ्यांदा विचारू नका. त्यांच्याही घरात काय चाललंय ते आपल्याला माहीत नसतं.

पाचवी पायरी: नावांची पट्टी

शर्यतीच्या महिनाभर आधी ओळखीच्यांना सांगा की कुणाचं नाव सोबत न्यायचं असेल तर कळवा. ४२ किलोमीटर, ४२ नावं. माझी पहिली यादी मावशीने वाचली आणि पेन्सिलीने खाली एक ओळ घातली: "खिडकीजवळच्या खाटेवरच्या बाई." नाव तिला माहीत नव्हतं. दोघींची केमो एकाच दिवशी असायची आणि एक दिवस ती खाट रिकामी होती. त्या ओळीसाठी मी सतरावा किलोमीटर ठेवला.

कागद घामाने लगदा होतो, हातावरची शाई दहा किलोमीटरांत पुसते. सुती कापडाची दोन बोटं रुंदीची पट्टी घ्या, न पुसणाऱ्या मार्करने नावं लिहा, एक दिवस वाळू द्या आणि मनगटाला सैल गुंडाळा. आधीच्या एका लांब धावेत बांधून बघा, कारण शिवण घासली तर कातडी सोलवटते. क्रम विचार करून लावा. सुरुवातीचे किलोमीटर गर्दीत निसटून जातात, म्हणून ज्यांची ओळख थोडी ती नावं तिथे घ्या. तीस ते अडतीस हा पट्टा सर्वांत कठीण, कारण स्नायूंतली साठवलेली साखर तिथे संपत आलेली असते. मी तिथे अशा माणसांची नावं ठेवतो ज्यांना आठवलं की हसू येतं. सर्वांत जवळचं नाव शेवटी.

सहावी पायरी: शर्यतीचा दिवस

त्या दिवशी नवं काही नाही: बूट नाही, मोजे नाहीत, धावताना खायचं एनर्जी जेल नाही. पहिले दहा किलोमीटर मुद्दाम हळू, कारण भारावलेला माणूस हमखास जोरात सुटतो. तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्या, तीही सरावात पचवलेल्या स्वरूपात. पाणी तहानेनुसार. प्रत्येक थांब्यावर पोटभर पाणी पिऊन रक्तातलं सोडियम घसरलं तर ते पाणी कमी पडण्याइतकंच धोक्याचं असतं. सूज-वेदना कमी करणाऱ्या गोळ्या घेऊन धावू नका, मूत्रपिंडांवर ताण येतो. छातीत दुखलं, चक्कर आली, बोलणं अडखळलं तर तिथेच थांबून वैद्यकीय पथकाकडे जा. पट्टीवर उरलेली नावं पुढच्या वेळी धावता येतात.

रडू येईल. धावताना हुंदका आला की श्वासाची लय तुटते आणि छाती आवळल्यासारखी वाटते, पहिल्यांदा घाबरायला होतं. रस्त्याच्या कडेला या, चालायला लागा, श्वास आत घेतला त्यापेक्षा जास्त वेळ बाहेर सोडा. दोन-तीन मिनिटांत लय परत येते. मन आवरून धरण्यात जास्त शक्ती जाते, म्हणून येऊ द्यावं.

बेचाळीस पूर्ण झाले की १९५ मीटर उरतात. ते कुणाच्याच नावाचे ठेवू नका. तिथे फक्त धावा.

नंतर

आठवडाभर धावणं बंद, नुसतं चालणं. निधीचा हिशेब पंधरा दिवसांच्या आत सगळ्यांना पाठवा, जमलेली आणि संस्थेला पोहोचलेली रक्कम दोन्ही लिहून. महिनोन्‌महिने उराशी धरलेलं काम संपल्यावर पोकळी जाणवते. माणूस गेलेला असेल तर दुःख तिथे नव्याने भेटतं. त्या आठवड्यात एकटे राहू नका, आणि लगेच दुसरी शर्यतही नोंदवू नका.

मेडल द्यायचं तर विचारून द्या. काहींना ते भिंतीवर हवं असतं, काहींना घरात त्याची आठवणही नको असते. मी सगळ्यांसाठी एकच गोष्ट करतो. घड्याळात प्रत्येक किलोमीटरची वेळ नोंदलेली असते. दुसऱ्या दिवशी पट्टी समोर ठेवून एकेका घरी दोन-दोन ओळी लिहून पाठवतो: "तुमच्या बाबांचा सत्ताविसावा किलोमीटर होता. चढ होता, समोरून वारा होता, सात मिनिटं चाळीस सेकंद लागले." सतराव्या किलोमीटरची ओळ कुठे पाठवायची ते मला कळेना. मावशी म्हणाली, "मला दे." तिने ती वाचली आणि फ्रिजवर, कॅलेंडरच्या शेजारी लावली.